घरच्या पेट्रोल जनरेटरमध्ये काय बदलावं, कशाला हात लावू नये

आमच्या दुकानाचं हे माहितीपत्रक २ ते ३ केव्हीएच्या, दोरी ओढून चालू होणाऱ्या साध्या एव्हीआर (व्होल्टेज आपोआप सांभाळणारा भाग) जनरेटरसाठी आहे. इन्व्हर्टर प्रकारच्या जनरेटरचं गणित वेगळं असतं. तुमचा त्यातला असेल तर निदान न्यूट्रलचं आणि गव्हर्नरचं (इंजिनाचे फेरे सांभाळणाऱ्या भागाचं) काम हे वाचून करू नका.

पॉवर वाढत नाही

जनरेटरची पॉवर कशी वाढवायची, दुकानात पहिला प्रश्न बहुधा हाच येतो. गव्हर्नरचा स्क्रू पिळला किंवा स्प्रिंग ताणली की इंजिन जोरात पळतं आणि ताकद वाढल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात वाढतात ते फेरे. या जनरेटरला ५० हर्ट्झसाठी मिनिटाला ३००० फेरे लागतात. लोड नसताना ५२ हर्ट्झ, म्हणजे ३१२० फेरे, आणि लोड पडल्यावर ५०च्या आसपास, ही ठीक सेटिंग. त्यापुढे गेलात तर पंखे आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर तापतो, एव्हीआर जळतो, पण वाइंडिंग जेवढा करंट सोसतं तेवढाच सोसतं. फ्रिक्वेन्सी दाखवणारा मल्टिमीटर हातात असल्याशिवाय या स्क्रूला पाना लावू नका.

इंजिन लोड नसताना घुर्रघुर्र वर-खाली होत असेल तर दोष गव्हर्नरचा नसतो, बहुतेक वेळा कार्बोरेटरचा बारीक जेट (पेट्रोल सोडणारा भोकाचा तुकडा) कचऱ्याने अर्धा बुजलेला असतो. पेट्रोल कमी, हवा जास्त, म्हणून इंजिन चाचपडतं. पेट्रोलचा कॉक बंद करा, खालची वाटी सोडवा, जेट काढून उजेडाकडे धरून बघा. गोल, स्वच्छ भोक दिसलं पाहिजे. कार्ब क्लीनर मारून नायलॉनच्या केसाने किंवा वायरच्या तांब्याच्या एका तारेने साफ करा. सुई किंवा पिन घातली की भोक मोठं होतं आणि मग कायम काळा धूर.

पेट्रोलची बाजू: कमी खर्चात सर्वांत जास्त फायदा

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. कोकणातल्या पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी दोन महिने पडून राहिली की तळाला पाणी वेगळं होतं. जुन्या जनरेटरचा रबरी पाइप आतून फुगून त्याचे काळे कण जेटमध्ये येतात ते वेगळंच. म्हणून इथेनॉल चालणारा पाइप, दोन्ही टोकांना स्प्रिंग क्लिप आणि मध्ये पारदर्शक फिल्टर बसवा. फिल्टरवरचा बाण कार्बोरेटरकडे. पाइप अंदाजाने घेऊ नका, जुना तुकडा सोबत आणा.

बंद करताना स्विच मारण्याऐवजी कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप थांबू द्या, म्हणजे वाटी रिकामी होते. एवढी एक सवय लागली तर जेट साफ करायची वेळ क्वचितच येते. आमचं थोडं काम त्याने कमी होईल, होऊ दे.

चेंजओव्हर

दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटर घरातल्या प्लगमध्ये खुपसणं हा प्रकार अजून सर्रास चालतो. अशी वायर आम्ही बनवून देत नाही. मेन बंद करायचं विसरलं की वीज उलटी खांबावर जाते, ट्रान्सफॉर्मरमधून ११ हजार व्होल्ट होऊन लाइनवर चढू शकते, आणि तिथे वायरमन तुटलेली तार जोडत असतो. शिवाय घरात लाइट परत आली की दोन पुरवठे एकमेकांना भिडतात आणि जनरेटरचं वाइंडिंग जळतं.

३२ अँपिअरचा डबल पोल चेंजओव्हर (एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच घराला जोडणारा स्विच) मीटरनंतर बसवून घ्या. त्यात फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटले पाहिजेत. हे काम परवानाधारक वायरमनचं.

त्याच वेळी न्यूट्रल पाहून घ्या. जनरेटरच्या सॉकेटमध्ये टेस्टर घातला तर बऱ्याचदा दोन्ही भोकांत मिणमिणतो. कारण आतला न्यूट्रल बॉडीला जोडलेला नसतो, तरंगता असतो. अशा जनरेटरवर घरातला आरसीसीबी (करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच) दाखवायलाच असतो. बॉडीला फेज लागला तरी करंटला परतीची वाट नाही, त्यामुळे तो पडत नाही. उपाय: जनरेटर बंद ठेवून न्यूट्रल, बॉडी आणि अर्थिंग हे तिन्ही चेंजओव्हरच्या जनरेटरकडच्या बाजूला एकाच जागी ४ चौरस मिमी हिरव्या वायरने जोडायचे. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा, आणि हा जोड त्याच्या आधी, म्हणजे जनरेटरच्या बाजूला हवा. काम झाल्यावर जनरेटर चालवून आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबाच, पण केवळ त्यावर विसंबू नका. जोड नसला तरी ते बटण आरसीसीबी पाडतं. जोड वायरमनकडून मीटरने तपासून घ्या.

पंप आणि वायर

१ एचपीचा पंप चालताना हजारेक वॉट घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या चार-पाचपट करंट मागतो. २ केव्हीएवर तो उचलत नाही, ३ केव्हीएवर जेमतेम. म्हणून पंप आधी चालू करा, बाकीचं नंतर. फ्रिज बंद झाल्यावर पाच मिनिटं तरी पुन्हा लावू नका.

वायरवर लोक पैसे वाचवतात आणि तिथेच अडकतात. १०० फुटांवर १.५ चौरस मिमीची वायर असेल तर ३० अँपिअरच्या झटक्याला सुमारे २२ व्होल्ट वाटेतच पडतात. ४ चौरस मिमीला फक्त ८. पंप नुसता हुंकारत असेल तर आधी वायर बदला.

घरातला बॅटरीचा इन्व्हर्टर जनरेटरवर चार्ज होत नसेल तर मागचा मोडचा स्विच बघा. 'यूपीएस'वर असेल तर व्होल्टेजची मर्यादा अरुंद असते. 'नॉर्मल'वर टाका.

आवाज आणि धूर

लाकडी पेटी करू नका. इंजिन हवेने थंड होतं, पेटीत ते शिजतं. सायलेन्सरला लांब पाइपही जोडू नका. खाली रबरी पॅड टाका, तेवढ्याने फरशीचा घुमणारा आवाज जातो. जनरेटर घरापासून निदान २० फूट, पत्र्याखाली, तीन बाजू मोकळ्या. बाल्कनी, जिना, पडवी यांपैकी काहीच चालणार नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

ऑइल पहिल्यांदा २० तासांनी बदला, नंतर दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. बहुतेक मॉडेलना ६०० मिली लागतं. इंजिनाच्या स्पार्क प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिमी. तास मोजण्यासाठी प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा अवर मीटर मिळतो. जनरेटर उतारावर असेल आणि दोरी ओढून हात दुखले तरी चालू होत नसेल, तर आधी सपाट जागी आणा: कमी ऑइलचा सेन्सर उतारामुळे फसतो आणि प्लगची ठिणगी बंद करतो.

सामान घ्यायला येताना जनरेटरच्या नावाच्या पाटीचा फोटो, पंपाच्या पाटीचा फोटो आणि जनरेटर ते चेंजओव्हर हे अंतर फुटांत मोजून आणा.