फॉन्ट आधी की मजकूर आधी? मराठी संकेतस्थळांच्या वेगामागची पार्श्वभूमी

छायाचित्रं बारीक करा, मजकूर दाबून पाठवणारं जीझिप चालू करा, कॅशेची म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेल्या फायलींची मुदत वाढवा, नको ती प्लगिनं काढून टाका. संकेतस्थळ हलकं करण्याची ही यादी आता पाढ्यांसारखी सगळ्यांना पाठ आहे, तेव्हा ती इथे पुन्हा उगाळत नाही. मराठी संकेतस्थळांना या यादीपलीकडचं एक दुखणं आहे. मजकूर फोनपर्यंत पोचलेला असतो, मथळ्याची जागाही सोडलेली दिसते, पण अक्षरं दिसत नाहीत, कारण अक्षरांची फाइल अजून वाटेत असते. काही क्षणांनी सगळं पान एकदम उमटतं. या रिकाम्या क्षणांना पंचवीस-तीस वर्षांचा इतिहास आहे, आणि तो बराचसा सवयीचा इतिहास आहे.

देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालं. त्यानंतर मराठी वृत्तपत्रं नेटवर येऊ लागली तेव्हा सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना एकेक ठरलेला क्रमांक देणारा युनिकोड कागदावर होता (पहिली आवृत्ती १९९१ची, भारतीय लिप्यांसाठीचं आपलं इस्कीचं मानकही त्याच वर्षीचं), पण लोकांच्या संगणकांवर विंडोज ९५ किंवा ९८ होती आणि त्यांना देवनागरी येत नव्हती. मग छापखान्यातली युक्ती नेटवर आली. इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवलेले फॉन्ट डीटीपीवाल्यांकडे होतेच, तेच पानांना लावले गेले. कृतिदेवमध्ये टाइप केलेला ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या लेखी ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच एवढाच. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर किडामुंगी.

म्हणून पानावर सगळ्यात वर ‘फॉन्ट डाउनलोड करा’ अशी पट्टी असे. सायबर कॅफेतल्या संगणकावर फॉन्ट बसवू देतीलच याची खात्री नसे, त्यामुळे मथळे जीआयएफ चित्रं करून लावणारेही होते. १९९७ साली नेटस्केप ४ आणि इंटरनेट एक्स्प्लोरर ४ या दोघांनी पानासोबत फॉन्ट पाठवायची सोय आणली. याला डायनॅमिक फॉन्ट म्हणत. अर्थातच दोघांची रीत वेगळी होती. एकाची फाइल पीएफआर, दुसऱ्याची ईओटी. २०००च्या नेटस्केप ६ने ती सोय काढूनच टाकली, ईओटी एक्स्प्लोररपुरती उरली, आणि ‘हे संकेतस्थळ इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच पाहावे’ ही तळटीप मराठी पानांना चिकटली ती बरीच वर्षं.

या काळाकडे आज हसून पाहिलं जातं, पण वेगाच्या हिशेबात ती पानं वाईट नव्हती. अक्षराच्या एका तुकड्याला एक बाइट लागे. युनिकोड साठवायच्या यूटीएफ-८ या रीतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘महाराष्ट्र’ या शब्दात काना, हलन्त धरून दहा चिन्हं आहेत, म्हणजे तीस बाइट झाले. इंग्रजीत हेच नाव अकरा बाइटांत बसतं. युनिकोडवर जायचं म्हणजे पान तिप्पट जड होणार, हा आक्षेप त्यामुळे अगदीच पोकळ नव्हता. त्याचं उत्तर जीझिपमध्ये होतं. देवनागरीच्या तीनपैकी पहिले दोन बाइट जवळपास नेहमी त्याच दोन जोड्यांपैकी एक असतात, आणि असली पुनरावृत्ती दाबणं हेच तर जीझिपचं काम. दाबल्यावर फरक इतका आटतो की त्यावर वाद घालण्यात अर्थ राहत नाही. वाद तरी रंगले.

युनिकोडची वाट पुढे हळूहळू मोकळी झाली. विंडोज २००० सोबत मंगल फॉन्ट आला. एक्सपीमध्ये देवनागरी नीट जुळायची तर प्रादेशिक सेटिंगमधला जटिल लिप्यांचा चौकोन टिकमार्क करून विंडोजची सीडी घालावी लागे, आणि ती सीडी बहुधा संगणक विकणाऱ्याकडेच राहिलेली असे. व्हिस्टापासून ही कटकट संपली. फोनवर ती नव्याने सुरू झाली. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरी म्हणजे ओळीने रिकामे चौकोन. ज्यांना माहीत होतं ते ऑपेरा मिनीच्या आतल्या सेटिंगमध्ये जाऊन जटिल लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्टचा पर्याय चालू करत. मग अक्षरं दूरच्या सर्व्हरवर चित्रं होऊन फोनवर येत. जीआयएफ मथळ्यांचा काळ मागच्या दाराने परत आला म्हणायचा.

आता मूळ मुद्दा. जुन्या फॉन्टांच्या काळात फॉन्ट येईपर्यंत मजकूर न दाखवणं शहाणपणाचं होतं. ई-जे-के-बी-एच वाचून कुणाचं काय भलं होणार? फॉन्ट आधी, मजकूर नंतर, हा क्रम त्या पिढीच्या हातात बसला. युनिकोड आल्यावर हा क्रम उलटायला हवा होता, कारण आता संकेतस्थळाचा खास फॉन्ट आला नाही तरी यंत्रातल्या मंगलमध्ये किंवा पुढे फोनवरच्या नोटोमध्ये मजकूर स्वच्छ वाचता येत होता. क्रम उलटला नाही. याचं खापर नुसतं मराठी मंडळींवर फोडता येत नाही, कारण नेमक्या याच सुमाराला ब्राउझर बनवणाऱ्यांनी एक निर्णय घेतला.

सीएसएसमधून, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांतून, फॉन्ट जोडायची सोय १९९८च्या मानकात होती, पुढच्या सुधारित आवृत्तीत ती गळली, आणि मार्च २००८ मध्ये सफारी ३.१ने, जून २००९ मध्ये फायरफॉक्स ३.५ने ती खऱ्या अर्थाने परत आणली. प्रश्न असा की फॉन्ट उतरत असताना मधल्या वेळात काय दाखवायचं. सफारीने ठरवलं, काहीच नाही. अक्षरं अदृश्य ठेवायची, जागा तेवढी राखायची. फायरफॉक्सने आधी उलट केलं. यंत्रातल्या फॉन्टमध्ये मजकूर लगेच दाखवायचा आणि खास फॉन्ट आला की बदलायचा. या बदलाच्या वेळी पान डोळ्यांसमोर क्षणभर लचकतं. ते डिझाइनरांना इतकं खटकलं की त्या लचकण्याला नाव पडलं, ते लपवायच्या युक्त्या निघाल्या, आणि तक्रारींचा रेटा असा झाला की मार्च २०११च्या फायरफॉक्स ४ने माघार घेतली. मजकूर तीन सेकंदांपर्यंत लपवायचा, तोवर फॉन्ट आला नाही तर यंत्रातला दाखवायचा. क्रोमही पुढे याच तीन सेकंदांवर आला. सफारीला मात्र बरीच वर्षं कसलीच मुदत नव्हती. फॉन्टची फाइल अडकली तर मजकूर अडकला. २०१६ मध्ये तिनेही तीन सेकंद मान्य केले. एक्स्प्लोरर, ज्याला सगळे नावं ठेवत, तो या बाबतीत पहिल्यापासून मजकूर दाखवून मोकळा होत असे.

तीन सेकंद हा आकडा लॅटिन फॉन्टच्या मापाने बेतलेला वाटतो. लॅटिनची एका जाडीची फाइल, नको ती चिन्हं काढली की, वीसेक किलोबाइटांत बसू शकते. देवनागरीच्या युनिकोड कोष्टकात घरं १२८च आहेत, पण फॉन्टमध्ये जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, वेगवेगळ्या रुंदीच्या वेलांट्या, रफार, रकार धरून आकृत्या शेकड्यांनी असतात, आणि कोणती आकृती कधी वापरायची याचे नियमही त्याच फाइलीत असतात. भारतात २००४च्या धोरणाने ब्रॉडबँड ठरवलं होतं २५६ केबीपीएसला, आणि ही व्याख्या २०१३ पर्यंत चालली. २५६ केबीपीएस म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ३२ किलोबाइट. नेहमीची आणि ठळक मिळून दोनशे किलोबाइटांचे फॉन्ट लावले तर नुसती अक्षरंच सहा सेकंद खाणार. म्हणजे तीन सेकंद कोरं पान, मग यंत्रातल्या अक्षरात मजकूर, वाचक दुसऱ्या ओळीवर पोचतो न पोचतो तोच अक्षरं बदलून ओळी हललेल्या. लपवण्याचा तोटा झाला आणि लचकणंही चुकलं नाही.

देवनागरीत हे लचकणं जास्त जाणवतं. वर मात्रा, खाली उकार, त्यामुळे प्रत्येक फॉन्टकार ओळीची उंची आपापल्या अदमासाने ठरवतो. फॉन्ट बदलला की लॅटिनमध्ये मुख्यतः रुंदी हलते, इथे उंचीही हलते आणि सगळा परिच्छेद खाली सरकतो. म्हणून लपवण्याच्या बाजूचे अगदीच चुकीचे होते असं नाही. त्यांचा दुसरा मुद्दा तर मला पटतोही. यंत्रातली देवनागरी पुष्कळदा हिंदी वळणाची असते. पाकळीचा ल आणि देठाचा श हे मराठीचं वळण शासनाच्या प्रमाण वर्णमालेनेही मान्य केलेलं आहे, आणि मराठी पानावर हिंदी वळणाचा ल दिसला की अनेकांचा जीव खालीवर होतो. पण त्यासाठी नवा फॉन्ट उतरवणं हा एकच उपाय नाही. नोटोसारख्या फॉन्टांत दोन्ही वळणं ठेवलेली असतात. पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा मराठी आहे एवढं सांगितलं की ब्राउझर मराठी वळण उचलू शकतो. त्या एका शब्दाला एक किलोबाइटही लागत नाही. मराठी पानांवर भाषेच्या जागी ‘इंग्रजी’ असं तसंच राहून गेलेलं मी इतक्या वेळा पाहिलंय की आता पान उघडलं की आधी तेच तपासतो.

या तीन सेकंदांना बगल द्यायची म्हणून आणखी एक वाईट चाल पडली. फॉन्टची फाइल बेस६४ करून, म्हणजे साध्या अक्षरांत उतरवून, थेट सीएसएसमध्ये कोंबायची. आकार एक तृतीयांशाने वाढतो, आणि सीएसएस आल्याशिवाय ब्राउझर काहीच रंगवत नसल्याने अख्खं पान फॉन्टच्या मागे रांगेत उभं राहतं. जुना क्रमच तो, फॉन्ट आधी, मजकूर नंतर, फक्त आता ब्राउझरला त्यात बोलायलाही जागा नाही. ही चाल मोडली ती बाहेरच्या दट्ट्याने. फेब्रुवारी २०१६ पासून गूगलच्या शोधनिकालांत एएमपी या हलक्या साच्यातल्या पानांना मानाची जागा मिळू लागली आणि एएमपीमध्ये सीएसएसला ५० हजार बाइटांची मर्यादा होती. त्यात देवनागरी फॉन्ट मावणार कुठून? त्याच वर्षी सप्टेंबरात फुकट फोरजी डेटा आला, गावोगावचा वाचक फोनवर आला, आणि वृत्तसंकेतस्थळांना पहिल्यांदाच वेगाचा हिशेब संपादकीय बैठकीत मांडावा लागला. एएमपीचं पुढे जे झालं ते झालं. २०२१ मध्ये ती मानाच्या जागेची अट गेली, आणि तिच्यासाठी कुणी अश्रू ढाळले नाहीत.

लपवायचं की दाखवायचं हा निर्णय पान बनवणाऱ्याच्या हाती आला तो फॉन्ट-डिस्प्ले या गुणधर्माने. जुलै २०१७ मध्ये क्रोम ६०, जानेवारी २०१८ मध्ये फायरफॉक्स ५८, मार्चमध्ये सफारी ११.१. ब्लॉक म्हणजे तीन सेकंद लपवा, स्वॅप म्हणजे लगेच दाखवा आणि फॉन्ट कधीही येवो, बदला. फॉलबॅक म्हणजे एका सेकंदाचा दहावा भाग थांबा, मग दाखवा, आणि तीनेक सेकंदांत फॉन्ट आला तरच बदला. ऑप्शनल म्हणजे तेवढ्याच क्षणात आला तर वापरा, नाहीतर या खेपेला राहू द्या, पुढच्या पानाला कॅशेतून मिळेल. गूगल फॉन्ट्स या फुकट फॉन्टांच्या सर्वांत मोठ्या भांडारानेही मे २०१९ मध्ये पत्त्यात स्वॅप जोडायची सोय दिली, आणि मराठी संकेतस्थळांनी बहुतांशी तीच उचलली. चालू मजकुरासाठी ऑप्शनल आणि मथळ्यासाठी स्वॅप, अशी विभागणी मला जास्त शहाणपणाची वाटते, पण ती क्वचितच दिसते.

भांडाराच्या बाजूने एक जुना युक्तिवाद होता. मुक्ता किंवा बालू हा फॉन्ट वाचकाने दुसऱ्या कुठल्या पानावर पाहिला असेल तर तो त्याच्या कॅशेत असणारच, आपल्याकडे फुकटात येईल. ऑक्टोबर २०२०च्या क्रोम ८६ने कॅशे संकेतस्थळागणिक वेगळी केली, पाठोपाठ जानेवारी २०२१ मध्ये फायरफॉक्स ८५नेही केली, आणि हा युक्तिवाद निकालात निघाला. सफारीत तो त्याआधीच चालत नव्हता. फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवरून देणं त्यानंतर सरळ फायद्याचं झालं, कारण दुसऱ्या डोमेनशी ओळखपाळख करण्यात जाणारा वेळ वाचतो. जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने परवानगीशिवाय वाचकाचा आयपी पत्ता फॉन्टच्या भांडाराकडे गेला म्हणून संकेतस्थळचालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली. युरोपातल्या मराठी मंडळांची संकेतस्थळं चालवणाऱ्यांनाही तेव्हापासून हा विचार करावा लागतो.

स्वतःकडे फॉन्ट ठेवला की तो चिरायचा मोह होतो. चिनी-जपानी फॉन्ट शंभराच्या आसपास तुकड्यांत कापून लागेल तो तुकडा पाठवता येतो, कारण तिथे एक चिन्ह दुसऱ्याला चिकटत नाही. देवनागरी अशी चिरली की क एका फाइलीत, ष दुसऱ्या फाइलीत आणि क्ष कुठेच नाही. ‘दऱ्या’मधल्या ऱ्याचे हाल तर विचारू नयेत. म्हणून देवनागरीचा तुकडा अखंडच ठेवतात, सोबतचं लॅटिन तेवढं वेगळं काढतात, आणि डब्ल्यूओएफएफ२ या नेटवरच्या फॉन्टांसाठीच्या प्रकारात दाबतात. जुन्या डब्ल्यूओएफएफपेक्षा ती फाइल सरासरी ३० टक्क्यांनी लहान होते.

लचकण्याचं मोजमाप मे २०२०च्या वेब व्हायटल्स या गूगलच्या मोजपट्टीत आलं, आणि २०२१च्या मध्यापासून ते शोधक्रमातही धरलं जाऊ लागलं. पानाच्या हलचलीचा गुण ०.१च्या आत हवा, सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांच्या आत दिसायला हवा. मजकूर लपलेला असेल तोवर तो रंगला असं हे मोजमाप धरत नाही. मोठा फोटो नसलेल्या मराठी लेखात सर्वांत मोठा घटक बहुधा पहिला परिच्छेदच असतो, त्यामुळे लपवलेली तीन सेकंदं आता थेट खात्यावर पडतात. लचकण्यावरही २०२१ मध्येच उतारा मिळाला. साइझ-अॅडजस्ट हा गुणधर्म क्रोम ९२ आणि फायरफॉक्स ९२मध्ये आला, आणि यंत्रातला फॉन्ट टक्क्यांत लहानमोठा करून खास फॉन्टच्या मापाला आणता येऊ लागला. लॅटिनसाठी हे आकडे तयार काढून देणारी साधनं आहेत. देवनागरीसाठी अजून दोन्ही फॉन्ट शेजारी ठेवून, ‘कौटुंबिक’सारखा वरखाली पसरलेला शब्द लिहून, डोळ्यांनीच जुळवावं लागतं.