घरात आजारपण असताना दूरच्या गावी बिऱ्हाड हलवायचं असेल तर
(मुंबई-ठाणे परिसरातून नागपूर, अमरावती, हैदराबाद, बंगळूर या मार्गांवरच्या आमच्या ग्राहकांसाठी)

सामान हलवण्यासाठी फोन येतो तेव्हा आधी गाडीभाडं विचारलं जातं, मग तारीख. आमची विनंती अशी, की घरात कुणी आजारी असेल तर ते या दोन्हींच्या आधी सांगा. सविस्तर सांगायची गरज नाही. ‘आईचं डायलिसिस चालू आहे’, ‘बाबांना ऑक्सिजन लागतो’, ‘माझी बायपास होऊन महिना झालाय’ एवढं कळलं तरी गाडी कधी लावायची, माणसं किती पाठवायची आणि कुठली खोली शेवटी आवरायची, हे सगळं बदलतं. बरेच जण संकोचाने बोलत नाहीत. मग पॅकिंगच्या दिवशी सकाळी आमची मुलं पान्हा घेऊन खोलीत जातात, तर सोडवायच्या पलंगावर आजी झोपलेल्या असतात. त्यांना उठवून खुर्चीत बसवायची वेळ कुणावरच येऊ नये.

तारीख आजाराच्या वेळापत्रकावरून ठरवा

महिनाअखेरीला भाडेकरार संपतात, म्हणून शेवटच्या चार दिवसांत गाड्यांची आणि हमालांची ओढाताण असते. आजारी माणूस असलेल्या घराने हे दिवस टाळावेत. घरमालकाला आठवड्याचं भाडं जास्त द्यावं लागलं तरी ते पैसे सत्कारणी लागतात.

डायलिसिसचं उदाहरण घेऊ. सोमवार-बुधवार-शुक्रवार अशी पाळी असेल तर शुक्रवार ते सोमवार हा सगळ्यात मोठा खंड. ‘मधे दोन दिवस मोकळे मिळतात’ म्हणून बहुतेक घरं शनिवारी निघायचं ठरवतात. आमचं मत उलट आहे. याच खंडात अंगात पाणी जास्त साठतं. गाडीला उशीर झाला किंवा नव्या सेंटरने सोमवारची वेळ मंगळवारवर ढकलली, तर हाताशी काहीच उरत नाही. त्यापेक्षा बुधवारी इथे डायलिसिस, गुरुवारी प्रवास आणि शुक्रवारी तिथे, हे गणित सुरक्षित. शुक्रवार हुकलाच तर शनिवार असतो. अर्थात शेवटचा शब्द तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टचा, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांचा. नव्या शहरातल्या सेंटरची जागा पक्की झाल्याशिवाय आमच्याकडे गाडी बुक करू नका. सेंटरवाले एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांचे ताजे रिपोर्ट मागतात. जुन्या सेंटरकडून ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचं वजन), हेपॅरिनचं (रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध) प्रमाण आणि शेवटच्या काही डायलिसिसच्या नोंदी लिहून घ्या.

केमोथेरपीत डोस झाल्यावर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. तेव्हा धूळ, गर्दी आणि प्रवास नको. पुढच्या डोसच्या आधीचे दिवस बरे असतात, पण ते डॉक्टरांना विचारूनच धरा. बायपासमध्ये छातीचं हाड उघडलेलं असेल तर ते जुळायला दीड ते तीन महिने लागतात. त्या काळात भरलेली बादलीही उचलायची नसते. आम्ही हे लिहितो, कारण ‘एवढं एकच खोकं’ म्हणून वाकणारे काका आम्ही घरोघर पाहतो. खोकी उचलायला आमची माणसं आहेत.

धूळ

माळे आणि दिवाणाखालचे कप्पे उघडले की वर्षानुवर्षांची धूळ उडते. त्यात पुठ्ठ्याचा भुसा आणि थर्माकोलचा चुरा. दमा किंवा सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) असलेल्या माणसाने त्या दिवशी घरात थांबूच नये. शेजाऱ्यांकडे किंवा नातेवाइकांकडे सकाळीच जावं, इनहेलर खिशात ठेवून. तशी सोय नसेल तर एक खोली आम्ही शेवटपर्यंत बंद ठेवतो आणि बाकीचं घर ओल्या फडक्याने पुसून मगच ती उघडतो. यासाठी वेगळे पैसे नाहीत.

स्मृतिभ्रंश असलेल्या आजी-आजोबांसाठीही हीच पद्धत ठेवतो: त्यांची खोली शेवटी बांधायची आणि नव्या घरी आधी लावायची. जुन्या खोलीचे फोटो आम्ही काढून घेतो. पलंगाची बाजू, देवाचा फोटो, उशाशी तांब्या, सगळं शक्य तितकं तसंच मांडतो.

ट्रकमध्ये काय जाणार नाही

औषधं, रिपोर्टच्या फाइली, ग्लुकोमीटर, सीपॅप यंत्र (झोपेत श्वास सुरळीत ठेवणारं), चष्मा, कवळी यांतलं काहीही ट्रकमध्ये देऊ नका. फुल ट्रक नागपूरला साधारण दोन-तीन दिवसांत पोचतो. पार्ट लोड, म्हणजे इतरांच्या सामानाबरोबर गाडीचा काही भाग, स्वस्त पडतो, पण माल वाटेत गोदामात उतरून दुसऱ्या गाडीत चढतो, त्यामुळे आठवडा किंवा त्याहून जास्त लागू शकतो. किमान महिनाभराची औषधं हातातल्या बॅगेत ठेवा.

स्वयंपाकाचा सिलिंडर आम्ही नेत नाही. तो रेग्युलेटरसह एजन्सीकडे जमा करा, अनामत परत घ्या आणि मिळालेली पावती जपा, नवं कनेक्शन घेताना ती लागते. ऑक्सिजनचा सिलिंडरही ट्रकमध्ये चढणार नाही. हॉस्पिटलसारखा पलंग, कमोड खुर्ची, कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन देणारं यंत्र) भाड्याचे असतील तर इथेच परत करा आणि तिथे भाड्याने घ्या. आजारी माणूस पोचण्याच्या आदल्या दिवशी ते नव्या घरात लागलेले असावेत.

फ्रिज आणि इन्सुलिन

ही गोष्ट हमखास निसटते. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून, बर्फ वितळवून, कोरडा करावा लागतो. नव्या घरी उतरवल्यावरही चार-सहा तास उभा ठेवूनच चालू करायचा, म्हणजे हलताना सरकलेलं कॉम्प्रेसरचं तेल खाली बसतं. म्हणजे इथे एक रात्र, प्रवासाचा वेळ आणि तिथे ट्रक येईपर्यंतचे दिवस, असा सलग काळ घरात फ्रिज नसतो.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं. वापरात असलेलं पेन किंवा बाटली बहुतेक प्रकारांत सुमारे चार आठवडे बाहेर टिकते, पण तापमान २५ ते ३० अंशांपर्यंत असेल तरच. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तिथे ‘बाहेर ठेवलं तरी चालतं’ हा हिशेब लागू होत नाही. शिल्लक साठा इथे शेजाऱ्यांच्या आणि तिथे ओळखीच्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवायची सोय आधीच करा. प्रवासात थंड पिशवी वापरा, मात्र बाटली बर्फाच्या पाकिटाला थेट टेकू देऊ नका. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. काहीच सोय नसेल तर बाटली हवाबंद डबीत घालून, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात सावलीत ठेवा.

माणसांचा प्रवास

आजारी माणसाने ट्रकबरोबर जाऊ नये. आमच्या केबिनमध्ये आम्ही बसवतही नाही. रेल्वेत ४५ वर्षांवरच्या महिला आणि ६० वर्षांवरच्या पुरुषांसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो, तिकीट काढताना तो निवडा. वाटेत तब्येत बिघडली तर १३९ वर फोन करून डॉक्टरची मागणी करता येते. डब्यातला प्लग मोबाइलपुरता असतो, त्यावर कॉन्सन्ट्रेटर चालवू नका. विमानात स्वतःचा ऑक्सिजन सिलिंडर चालत नाही. बॅटरीवरचं छोटं कॉन्सन्ट्रेटर चालतं, पण आधी विमान कंपनीची परवानगी आणि डॉक्टरांचा फॉर्म हवा. चाकाच्या खुर्चीची मागणीही ४८ तास आधी नोंदवलेली बरी.

स्वतःच्या गाडीने जाणार असाल तर ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापासून नागपूरपर्यंत, ७०१ किलोमीटर, पूर्ण खुला आहे. पण जुन्या रस्त्यासारखी जागोजागी हॉटेलं तिथे लागत नाहीत. लघवीची गोळी चालू असेल तर थांबे आधीच ठरवा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, तिची वेळ बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारा. दर दोन तासांनी उतरून चार पावलं चाला, नाहीतर पायात गुठळी होण्याचा धोका असतो.

कागद

निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून ताजी चिठ्ठी घ्या, औषधांच्या मूळ नावांसह. आपल्याकडचा ब्रँड तिकडच्या दुकानात असेलच असं नाही, आणि झोपेच्या गोळ्यांसारखी औषधं चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातल्या योजनेतल्या रुग्णालयातही चालतं, महात्मा फुले योजना मात्र महाराष्ट्राची आहे, हे बंगळूर-हैदराबादला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. सीजीएचएसचं (केंद्र सरकारी कर्मचारी आणि निवृत्तांची आरोग्य योजना) कार्ड नव्या शहरातल्या केंद्रावर बदलून घ्या. खासगी विमा असेल तर नव्या घराजवळच्या कुठल्या रुग्णालयात कॅशलेस मिळतं ते आधी पाहा.

आजारपणामुळे तारीख बदलावी लागली तर गाडी लागण्याच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवा. आगाऊ भरलेली पूर्ण रक्कम नव्या तारखेला धरू. दुपारनंतर रुग्णालयात दाखल करावं लागलं तरी फोन करायला कचरू नका, फोनवरच पुढचं ठरवू.