रग्बी खेळणाऱ्या शाळकरी मुलामुलींसाठी स्मृती शिष्यवृत्ती: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

कोल्हापूर जिल्ह्यातल्या बऱ्याच जुन्या शाळांच्या कार्यालयात एक फलक असतो. त्यावर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ अशी नावं, पुढे ठेवीची रक्कम आणि ती कुणाला द्यायची ते लिहिलेलं असतं. शाहू महाराजांनी १९०१ पासून शिकणाऱ्या मुलांसाठी वसतिगृहं काढली, त्या गावात शिकणाऱ्याच्या पाठीशी उभं राहणं ही सवयच आहे. माजी विद्यार्थी, तालीम मंडळं, एखाद्या खेळाडूच्या मागे राहिलेलं कुटुंब असे कुणीही पैसे ठेवतात आणि व्याजातून दरवर्षी एकदोघांना मदत होते. हीच स्मृती शिष्यवृत्ती.

या ठेवींच्या नियमांत बहुतेक वेळा ‘शालेय खेळाडू’ एवढंच लिहिलेलं असतं. कुस्ती आणि फुटबॉल खेळणारी मुलं बिनधास्त अर्ज करतात, रग्बीची पोरं मात्र ‘आपला खेळ त्यात बसत नसेल’ म्हणून मागे राहतात. तसं अजिबात समजू नका. क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या शालेय स्पर्धांमध्ये रग्बी आहे, त्यामुळे तुम्ही इतरांइतकेच शालेय खेळाडू आहात. नियमात एखाद्या खेळाचं नाव स्पष्ट लिहिलं असेल तरच प्रश्न येतो. तेव्हाही मुख्याध्यापकांमार्फत विचारणा करायला काही हरकत नाही.

कोण अर्ज करू शकतो

प्रत्येक ठेवीचा नियम वेगळा, पण तीन गोष्टी जवळपास सगळीकडे पाहतात: खेळ, अभ्यास आणि घरची परिस्थिती. इयत्ता साधारण आठवी ते दहावी, काही ठिकाणी बारावीपर्यंत. अभ्यासात पहिला नंबर कुणी मागत नाही. मागच्या वर्षी सर्व विषयांत उत्तीर्ण आणि हजेरी बरी, एवढं पुरतं. उत्पन्नाची मर्यादा असेल तर ती अर्जावरच छापलेली असते.

खेळाच्या बाबतीत स्पर्धा कुणी भरवली होती हे फार महत्त्वाचं. शासनाच्या शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी जातात आणि १४, १७ व १९ वर्षांखालील गटांत होतात. रग्बी संघटनेच्या अजिंक्यपद स्पर्धा वेगळ्या आणि एखाद्या मंडळाने भरवलेली निमंत्रितांची स्पर्धा आणखी वेगळी. अर्जात तिन्ही लिहा, पण एकमेकांत मिसळू नका. निमंत्रित स्पर्धेचं प्रमाणपत्र ‘जिल्हास्तर’ म्हणून लावलं की छाननीत ते बाजूला पडतंच, वर बाकीच्या खऱ्या प्रमाणपत्रांकडेही संशयाने पाहिलं जातं.

राखीव खेळाडूंनी तर नक्की अर्ज करावा. सेव्हन्स या रग्बीच्या छोट्या प्रकारात सात-सात मिनिटांचे दोन डाव असतात आणि मैदानावर प्रत्येक संघाचे सात जण. त्या चौदा मिनिटांच्या धावपळीत बदली खेळाडू उतरवावेच लागतात. संघाच्या यादीत नाव असेल तर संघाची कामगिरी तुमचीही आहे.

कागद कधी गोळा करायचे

बहुतेक अर्ज इथेच अडतात. जाहिरात लागते आणि आठ-दहा दिवसांत अर्ज द्यायचा असतो. तेवढ्या दिवसांत खेळाडूला मागच्या दोन हंगामांची प्रमाणपत्रं, उत्पन्नाचा दाखला आणि चालू बँक खातं जमवता येत नाही. चंदगडच्या मुलीला कोल्हापूर शंभर किलोमीटरहून जास्त लांब आहे. एका सहीसाठी तिचा अख्खा दिवस जातो आणि वडिलांची मजुरी बुडते. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: कागद हंगामातच गोळा करा. स्पर्धा संपली की मैदान सोडण्याआधी प्रमाणपत्र हातात घ्या. त्यावरचं नाव, जन्मतारीख, वयोगट, स्पर्धेचा स्तर आणि क्रमांक तिथेच वाचा. चूक असेल तर त्याच दिवशी दुरुस्ती सोपी असते. सहा महिन्यांनी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जुनी यादी काढायला लावणं सगळ्यांनाच जड जातं. पावसाळ्यातल्या स्पर्धांना जाताना पिशवीत प्लास्टिकचं फोल्डर ठेवा आणि घरी आल्यावर प्रमाणपत्राचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा.

नावाचा घोळ सगळ्यात जास्त. शाळेच्या रजिस्टरला ‘सानिका मारुती पाटील’, आधारवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं आणि प्रमाणपत्रावर नुसतंच ‘सानिका पाटील’. कोल्हापुरात एकाच वर्गात दोन सानिका पाटील सहज निघतात! मूळ धरायचं ते शाळेचं जनरल रजिस्टर. बोनाफाईड त्यावरूनच मिळतं आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवायचे.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. सरपंच किंवा नगरसेवकाचं पत्र चालत नाही. तो आपले सरकार संकेतस्थळावरून किंवा जवळच्या सेवा केंद्रातून काढता येतो. रेशन कार्ड, आधार, स्वयंघोषणापत्र आणि गावकामगार तलाठ्यांचा, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांचा अहवाल लागतो. शेती असेल तर सातबारा आणि आठ-अ, नोकरी असेल तर पगाराचा पुरावा. पंधरा दिवस हातात ठेवून अर्ज करा आणि दाखल्यावर छापलेली मुदत पाहा. बहुतेक दाखले ३१ मार्चला संपतात, आणि एप्रिल-मे मधल्या अर्जाला जुनाच दाखला जोडलेला असतो.

बँक खातं विद्यार्थ्याच्या नावाचं हवं. दहा वर्षांवरील मुलांना ते काढता येतं. पूर्वी काढलेलं खातं असेल तर ते चालू आहे का पाहा. दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं आणि आलेली रक्कम अडकू शकते. शंभर रुपये भरून पासबुकावर नोंद करून घ्या.

शिफारसपत्रात काय असावं

क्रीडाशिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे. ‘विद्यार्थिनी होतकरू, शिस्तप्रिय व आज्ञाधारक आहे’ हे वाक्य छाननीला आलेल्या प्रत्येक पत्रात असतं. त्यातून निवड करणाऱ्याला काहीच कळत नाही. निवड समितीत फुटबॉल नाहीतर कुस्तीतली माणसं असतात. ट्रायचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवण्याचे, पाच गुण आणि त्यानंतरच्या किकचे दोन, हेही त्यांना माहीत असेलच असं नाही. आणि ज्या मुलीने एकही ट्राय केला नाही, तिने सामना वाचवला असू शकतो. ते पत्रात आलं नाही तर कुठेच येत नाही. नमुन्यादाखल असं लिहा: ‘ही विद्यार्थिनी स्क्रम-हाफच्या, म्हणजे झुंडीतून चेंडू काढून मागच्यांना देणाऱ्या खेळाडूच्या, जागी खेळते. जिल्हास्तर स्पर्धेत सर्व सामने पूर्ण वेळ खेळली. उपांत्य सामन्यात गोलरेषेजवळ तिने एकटीने टॅकल करून प्रतिस्पर्ध्याचा ट्राय रोखला. सरावाला रोज सकाळी गावाहून एसटीने येते.’ चार वाक्यं, पण मुलगी डोळ्यांसमोर उभी राहते.

वैद्यकीय प्रमाणपत्र मागितलं असेल तर दुखापत लपवू नका. जुनी दुखापत असली म्हणून अर्ज बाद होत नाही. डोक्याला मार बसल्याची शंका जरी आली तरी खेळाडूला लगेच बाहेर काढायचं आणि त्या दिवशी पुन्हा उतरवायचं नाही, असं वर्ल्ड रग्बी ही खेळाची आंतरराष्ट्रीय संघटनाच सांगते. तसं झालं असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. संघाने काळजी घेतली, हे त्यातून दिसतं.

रक्कम कशासाठी वापरणार हा रकाना रिकामा सोडू नका. स्टडचे बूट, माउथगार्ड, फिजिओथेरपी, निवड चाचणीचा प्रवास, दहावीची पुस्तकं असं खरं लिहा, अंदाजे आकडे टाका.

इतर शिष्यवृत्त्या घेत असाल तर

अर्जात तसं सांगून टाका. आठवीत परीक्षा देऊन मिळणारी केंद्र सरकारची एनएमएमएस शिष्यवृत्ती (आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीची) नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपयांची आहे. ती परीक्षा उत्तीर्ण होऊनही निवड न झालेल्या मराठा, कुणबी, मराठा-कुणबी व कुणबी-मराठा विद्यार्थ्यांसाठी छत्रपती राजाराम महाराज सारथी शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ९,६०० रुपये. या दोन्हींचा अर्ज शाळेमार्फत जातो. स्मृती शिष्यवृत्ती देणारे लोक यामुळे सहसा नाही म्हणत नाहीत, पण लपवलेलं नंतर कळलं तर वाईट दिसतं.

दहावी-बारावीचे क्रीडा सवलतीचे गुण हा वेगळाच विषय. तो प्रस्ताव शाळेकडून जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडे जातो. स्मृती शिष्यवृत्तीचा अर्ज दिला म्हणजे ते कामही झालं, असं धरू नका. प्रमाणपत्रं मात्र तीच लागतात.

अर्जासाठी कुणी ‘फी’ मागितली किंवा मोबाईलवरचा ओटीपी विचारला तर तिथेच थांबा आणि शाळेत सांगा. संस्था नोंदणीकृत आहे का, याची चौकशी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात करता येते.

मुलाखत आणि त्यानंतर

मुलाखत असेल तर ज्यांच्या नावाने शिष्यवृत्ती आहे, त्यांची माहिती आधी करून घ्या. समोर त्यांची पत्नी, मुलगा किंवा जुना सवंगडी बसलेला असू शकतो. पाठ केलेलं भाषण नको. ते कोण होते, काय खेळायचे एवढं ठाऊक असलं तरी समोरच्याला बरं वाटतं. रक्कम मिळाल्यावर हंगामाच्या शेवटी त्यांना एक पत्र पाठवा: किती सामने खेळलो, पैसे कशाला वापरले, निकाल काय लागला. सोबत संघाचा फोटो आणि पावत्यांच्या प्रती. काही ठिकाणी दुसऱ्या वर्षाचा हप्ता यावरच अवलंबून असतो.

निवड झाली नाही तर मूळ कागद परत मागून घ्या, पुढच्या वर्षी तेच लागतील. आणि दहावीनंतर शाळा बदलणार असाल तर दाखला काढायच्या दिवशीच क्रीडाशिक्षकांकडून संघाच्या याद्यांच्या साक्षांकित प्रती घ्या. अकरावीला नव्या कॉलेजात तुम्ही आधी कुठे, काय खेळलात हे सांगणारं दुसरं काही तुमच्याजवळ नसतं.