बर्डीवरचं व्हिंटेज जॅकेट आणि लोकरीच्या पोटातली वाफ

डिसेंबर लागला की नागपुरातल्या सीताबर्डीच्या फुटपाथवर हा प्रयोग हमखास पाहायला मिळतो. विक्रेता तपकिरी बॉम्बर जॅकेट उचलतो, लायटर पेटवतो, ज्योत बाहीवरून सर्रकन फिरवतो आणि म्हणतो, "पाहा भाऊ, जळते का? ओरिजनल लेदर होय." गिऱ्हाईक कॉलेजातलं असतं, इन्स्टाग्रामवर 'व्हिंटेज' पाहून आलेलं. ते मान डोलावतं आणि पाकीट काढतं. अर्ध्या सेकंदात ज्योत फिरवली तर कातड्याला काही होत नाही, तसं बऱ्यापैकी रेक्झिनलाही होत नाही. तेवढ्या वेळात पृष्ठभाग पेट घेण्याइतका तापतच नाही. या प्रयोगातून सिद्ध होतं ते एवढंच की लायटरमध्ये गॅस आहे.

पण लेदर खरं की खोटं हा माझ्या लेखी दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की हे अंगात घातल्यावर हुडहुडी थांबणार आहे का? नागपूरची थंडी काही वर्षभर पुरणारी नाही, पण आली की चांगली झोंबते. २९ डिसेंबर २०१८ला इथला पारा ३.५ अंशांवर उतरला होता. एरवी हिवाळ्यात पहाटे दहा-बारा अंश आणि दुपारी अठ्ठावीस, असा आपला खाक्या. सकाळ आणि दुपार यांच्यातली ही तफावत लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

लोकर 'गरम' असते, हा समज इतका पक्का आहे की त्याच्या उलट बोललं तर लोक तोंडाकडे पाहतात. मग मे महिन्यात बर्फवाला लादी भुशात आणि गोणपाटात गुंडाळून ठेवतो, ते कशाला? लादीवर जाड लोकरी कांबळं टाकलं तर बर्फ लवकर वितळेल असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो जास्त वेळ टिकतो. कांबळं उष्णता तयार करत नाही, उष्णतेची ये-जा मंदावतं. उन्हाळ्यात ती बाहेरून आत यायला धडपडते, हिवाळ्यात अंगातून बाहेर जायला. हिवाळ्यातली शेगडी आपणच. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो.

ही ये-जा मंदावण्याचं श्रेय धाग्यापेक्षा हवेला जास्त आहे. उष्णता वाहून नेण्याची क्षमता मोजायच्या एककात स्थिर हवेचा आकडा ०.०२५च्या आसपास येतो, पाण्याचा ०.६. म्हणजे पाणी हवेच्या चोवीस पट उष्णता नेतं. लोकरीचं कापड ०.०४च्या घरात असतं, हवेच्या अगदी जवळ, कारण त्यात बहुतेक हवाच असते. धाग्याने फक्त त्या हवेला जागेवरून हलू द्यायचं नाही. लोकरीचा तंतू या कामाला जन्मतःच तयार असतो. त्याच्या गाभ्यात दोन प्रकारच्या पेशी लांबीभर शेजारी शेजारी वाढतात, त्या सारख्या ताणल्या जात नाहीत, आणि तंतू कुरळा होतो. कुरळे तंतू एकमेकांवर सपाट बसू शकत नाहीत, मध्ये पोकळी राहतेच.

कपड्यांची ऊब मोजायला 'क्लो' नावाचं एकक आहे. ए. पी. गॅग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९४१ साली मांडलं. २१ अंशांच्या खोलीत, वारा नसताना, बसलेल्या माणसाला आरामशीर वाटेल इतके कपडे म्हणजे एक क्लो. आता थोडा हिशेब करू, कंटाळा आला तर परिच्छेद ओलांडून जा. पहाटे दहा अंशांत अंबाझरी तलावावर फिरणारा माणूस बसलेल्या माणसाच्या दुप्पट उष्णता तयार करतो. त्वचा ३३ अंशांवर राहायची असेल आणि पाव हिस्सा उष्णता श्वासावाटे व घामावाटे जाते असं धरलं, तर अंगाभोवतीच्या हवेच्या थराची ऊब वजा जाता त्याला कपड्यांचा एक-सव्वा क्लो पुरतो. शर्ट, पँट आणि साधं जॅकेट, बस्स. हाच माणूस फिरून झाल्यावर चहाच्या टपरीवर बाकावर टेकला की त्याची गरज पावणेतीन क्लोच्या आसपास जाते. तेव्हा "हे जॅकेट किती गरम आहे?" हा प्रश्नच अपुरा. तुम्ही ते घालून काय करणार आहात, ते आधी सांगा.

आता माझ्या लाडक्या विषयाकडे वळतो. जुन्या पद्धतीच्या लोकरी जॅकेटांचं मला जे कौतुक आहे, ते त्यांच्या कापाचं नाही. तंतूच्या आत जे घडतं त्याचं आहे.

लोकरीच्या तंतूवर माशासारखे खवले असतात. त्या खवल्यांवर एका रेणूइतक्या जाडीचा मेदाम्लाचा थर असतो. १८-मिथाइल आयकोसॅनोइक आम्ल असं त्याचं भारदस्त नाव. हा थर पाण्याला जवळ येऊ देत नाही, म्हणून लोकरीवर पडलेला थेंब मोत्यासारखा उभा राहतो. गंमत पुढे आहे. थेंबाला अडवणारा हाच तंतू वाफेला मात्र आत घेतो. वाफेतले पाण्याचे रेणू सुटे असतात, ते खवल्यांच्या फटींतून आणि पापुद्र्यांतून शिरतात. आत केराटिन हे प्रथिन असतं, आपल्या केसांत आणि नखांत असतं तेच. त्याच्या लांब साखळीवर जागोजागी नायट्रोजन आणि ऑक्सिजन असलेले गट बसलेले असतात, आणि पाण्याचा रेणू हायड्रोजन बंधाने त्यांना चिकटतो. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत लोकर स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के पाणी बाळगून असते. कापूस आठ टक्क्यांच्या आसपास थांबतो, पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. हवा वाफेने भरलेली असेल तर लोकर वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं पाणी पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही.

वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते, हे शाळेत शिकलो आहोत. उकळत्या भांड्यावरची वाफ हाताला पोळते ती त्यामुळेच. एक ग्रॅम वाफ अशी बांधली गेली की सुमारे २,४०० ज्यूल बाहेर पडतात, आणि अगदी कोरड्या लोकरीला चिकटणारे पहिले रेणू वर आणखी काही शे ज्यूल देऊन जातात, कारण पाण्याच्या रेणूंची आपापसांतली ओढ असते त्यापेक्षा केराटिनची ओढ जास्त असते. आता एक किलो वजनाचा लोकरी कोट घ्या. घरातल्या ४० टक्के आर्द्रतेतून तो पहाटेच्या ८५ टक्क्यांच्या हवेत नेला आणि पुरेसा वेळ दिला, तर तो साधारण १०० ग्रॅम वाफ शोषेल. म्हणजे दोन लाख चाळीस हजार ज्यूल. शांत बसलेल्या शरीराला एवढी उष्णता द्यायला चाळीस मिनिटं लागतात.

मग वर मी म्हटलं ते खोटं ठरलं का, की कपडा उष्णता तयार करत नाही? तसं नाही, ही उष्णता उसनी आहे. कोट आधी वाळवावा लागतो, आणि ते पाणी हाकलायला तेवढीच ऊर्जा कोणीतरी खर्च केलेली असते. नागपुरात हा खर्च ऊन करतं. दुपारी अठ्ठावीस अंशांच्या कोरड्या हवेत गच्चीवर टाकलेला कोट पाणी सोडतो आणि रात्री नव्याने वाफ घ्यायला मोकळा होतो. सकाळ-दुपारची तफावत इथे कामाला येते. पावसाळ्यातल्या कोकणात हवा दिवसरात्र दमटच असते, लोकर आधीच भरलेली राहते, तिथे ही करामत फारशी चालणार नाही. शिवाय सुटलेली सगळी उष्णता अंगाला मिळत नाही, बरीच बाहेर जाते. आणि हे सगळं काही मिनिटं-तासांचं काम आहे, रात्रभर पुरणारं नाही. तरीही उबदार खोलीतून गारठ्यात पाऊल टाकल्यावर जो पहिला धक्का बसायला हवा, तो लोकर बोथट करते. भर पावसात मेंढ्यांमागे फिरणारा धनगर भिजलेलं, जड झालेलं घोंगडं अंगावरून टाकून देत नाही, त्यामागेही लोकरीचे हेच गुण आहेत.

डेनिम जॅकेटाच्या आत जे पांढरं गुबगुबीत 'शेर्पा' अस्तर मिळतं, ते बहुधा पॉलिस्टर असतं. ते हवा छान धरतं, धुतलं की चटकन वाळतं, हे त्याचे गुण. वाफेचा खेळ मात्र त्याला येत नाही.

लेदरची गोष्ट वेगळी. आज ज्याच्या नकला सर्वाधिक विकल्या जातात ते ए-२ जॅकेट अमेरिकी लष्कराच्या हवाई विभागाने १९३१ साली स्वीकारलं. एक पदर कातडं, आत पातळ अस्तर. वाऱ्याला अडवायचं त्याचं काम, ऊब आतल्या कपड्यांनी द्यायची. उंचावरून उडणाऱ्या वैमानिकांसाठी पुढे बी-३ आलं, मेंढीचं कातडं लोकरीसकट, लोकर आतल्या बाजूला. नंतर नायलॉनचं एमए-१ आलं, ज्याचं नारिंगी अस्तर अपघातात सापडलेल्या वैमानिकाने उलटं करून घालायचं, म्हणजे शोधणाऱ्याला तो दुरून दिसेल. आपल्याकडे नारिंगी अस्तर पाहून लोक ऊब ठरवतात!

वारा अडवणं ही काही छोटी गोष्ट नाही. दहा अंशांत वर्धा रोडवर ताशी ४० किलोमीटरने गाडी हाकली, तर हवामानखात्यांच्या वाराशीत निर्देशांकानुसार ('विंड चिल') उघड्या चेहऱ्याला सहा अंशांसारखं वाटतं. तोच वारा विणीच्या स्वेटरमध्ये शिरून साठलेली हवा हुसकावून लावतो. म्हणून दुचाकीवाल्यांना माझा सल्ला: आत लोकरीचा स्वेटर, वरून वारा न शिरणारं काहीही, अगदी स्वस्त विंडचीटरसुद्धा. नुसतं तीन हजारांचं लेदर घालून टपरीवर कुडकुडणारे मी बरेच पाहिले आहेत.

आणि ते लेदर रेक्झिन निघालं तर? कापडावर पॉलियुरेथेनचा थर दिलेला असतो. त्यातल्या स्वस्त प्रकारात एस्टर बंध असतात आणि हवेतली वाफ ते हळूहळू तोडते. तुटताना आम्ल तयार होतं, ते पुढची तोडफोड आणखी वेगाने करतं. कपाटात न वापरता ठेवलेलं जॅकेटही पावसाळ्यामागून पावसाळे काढून पापुद्रे टाकू लागतं, ते यामुळे. असलं काही खरोखर चाळीस वर्षांचं जुनं असेल आणि तरी गुळगुळीत असेल, यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

दुकानात लायटरकडे पाहू नका, कडा पाहा. खिशाच्या आत किंवा शिवणीखाली कापलेली कड सापडते. कातड्याची कड तंतुमय, केसाळ दिसते, रेक्झिनच्या कडेला विणलेलं कापड आणि वर प्लास्टिकचा पापुद्रा. वासावर जाऊ नका, वास फवारता येतो. लोकरीसाठी धागा जाळून पाहणं अजूनही सर्वांत भरवशाचं, फक्त धागा कापडातला घ्या. शिवणीचा दोरा बहुतेकदा पॉलिस्टरच असतो आणि लोक तोच जाळून फसतात. लोकर केस जळल्याचा वास देते, ज्योत काढली की विझते, राख बोटात चुरते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. कापूस कागदासारखा जळतो. मिश्र धागा मिश्र निकाल देतो, त्याला इलाज नाही. कापड उजेडासमोर धरा, लोकर खाणाऱ्या कसरीने पाडलेली भोकं टिपक्यांसारखी दिसतील. मनगट आणि कमरेच्या विणीच्या पट्ट्या ताणून सोडा. त्या परत आवळल्या नाहीत तर चालताना प्रत्येक पावलाला आतली गरम हवा बाहेर आणि गार हवा आत, असा भाता सुरू राहतो. लेबलवर नुसतं 'वूल' लिहिलेलं असलं तर ती पुनर्वापराची लोकरही असू शकते. पानिपतचा शॉडी उद्योग जुने लोकरी कपडे पिंजून नवा धागा काढतो. काम उत्तम, पण पिंजताना तंतू तुटून आखूड होतात आणि अशा कापडावर गोळे लवकर धरतात. त्याची किंमतही तशीच असावी.

ग्राफीन, बायोसिरॅमिक, 'शरीराची ऊर्जा परावर्तित करणारं' अस्तर, असल्या चिठ्ठ्यांना मी जाडी मोजूनच उत्तर देतो. कापड पातळ असेल तर त्यात हवा मावणार किती? दुसऱ्या टोकाला आमच्याकडचे काही वडीलधारे आहेत. वापरलेला कपडा घेतला की आधीच्या माणसाची साडेसाती मागे लागते म्हणे. शनीला एवढा शिंप्याचा हिशेब ठेवायला वेळ असेल असं वाटत नाही. मागे लागू शकते ती खरूज. तिचे किडे माणसाच्या अंगाशिवाय दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाहीत. आणलेलं जॅकेट आठवडाभर बांधून ठेवा, मग ड्रायक्लीन करा आणि बिनधास्त घाला.

होळीच्या आसपास ते कपाटात जाईल तेव्हा धुऊनच जाऊ द्या. कसरीची अळी केराटिनमधले गंधकाचे बंध पोटात तोडू शकते, ही कला फार थोड्या प्राण्यांना साधली आहे. पण नुसत्या केराटिनवर तिचं नीट पोषण होत नाही. तिला घामाचे आणि सांडलेल्या रश्श्याचे डाग हवे असतात, भोकं कॉलरला आणि पुढच्या बाजूला जास्त सापडतात ती त्यामुळे.