ॲक्युपंक्चर आणि चिनी पारंपरिक वैद्यक

शरीरावरील ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचून करायची चिनी उपचारपद्धती. मूळ देशात ती सुटी कधीच नव्हती. काढे, शेक, ‘तुई ना’ हे मालीश, पथ्यापथ्य आणि श्वासाचे व्यायाम यांच्या जोडीने ती एका मोठ्या वैद्यकाचा भाग आहे. इतर देशांत मात्र सुई पोहोचली आणि तिच्यामागचा विचार बराचसा मागेच राहिला. म्हणून आधी तो विचार पाहू.

त्याचा पाया ‘हुआंगदी नेइजिंग’ या ग्रंथात आहे. आख्यायिकेतला पीत सम्राट (हुआंगदी) आणि त्याचा वैद्य छी बो यांच्या संवादाच्या रूपातले हे संकलन साधारण इ. स. पू. दुसऱ्या-पहिल्या शतकातले मानले जाते. आरोग्य म्हणजे यिन आणि यांग यांचा तोल, ही त्यातली मूळ धारणा. थंड, स्थिर, आतले ते यिन. उष्ण, गतिमान, बाहेरचे ते यांग. हा तोल एकदा साधला की कायमचा टिकत नाही, ऋतूबरोबर तो पुन्हा सांभाळावा लागतो. उन्हाळ्यात उशिरा झोपून लवकर उठावे, हिवाळ्यात लवकर झोपावे आणि सूर्य वर येईपर्यंत उठू नये, अशी दिनचर्याच ग्रंथात दिली आहे. आजार जडल्यावर औषध देणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे, हेही तिथेच म्हटले आहे.

शरीरात ‘छी’ नावाची जीवनशक्ती बारा मुख्य वाहिन्यांतून फिरते आणि ती अडली, घटली किंवा भलतीकडे वळली की विकार होतो, असे हे शास्त्र मानते. ग्रंथात या वाहिन्यांची सांगड चीनमधल्या बारा नद्यांशी घातली आहे. लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी या पाच अवस्थांशी अवयव, ऋतू, चवी आणि भावना जोडल्या आहेत: यकृताशी राग, फुप्फुसाशी शोक, मूत्रपिंडाशी भीती. आपल्या पंचमहाभूतांशी ही यादी जुळवायचा मोह होतो, पण हिच्यात वायू नाही, आकाशही नाही. शिवाय हे ‘यकृत’ म्हणजे शवविच्छेदनात दिसणारे यकृत नव्हे. तो कार्यांचा एक गट आहे. हे ध्यानात न घेतल्याने बरेच गैरसमज होतात.

चिनी वैद्याची खरी कसोटी निदानात लागते. तो जीभ पाहतो, आवाज आणि वास टिपतो, झोप, तहान, घाम, शौच यांची चौकशी करतो आणि प्रत्येक मनगटावर तीन ठिकाणी बोटे ठेवून नाडी बघतो. त्याला शोधायचा असतो लक्षणांचा आकृतिबंध. रोगाचे नाव त्यानंतर. साध्या सर्दीतापाचे उदाहरण घ्या. हुडहुडी जास्त, नाकातून पाण्यासारखा स्राव, तहान नाही आणि जिभेवर पातळ पांढरा थर असेल तर ती ‘वारा-थंडी’. मग आले, दालचिनीच्या डहाळ्या अशी उष्ण औषधे. घसा दुखतो, तहान लागते, नाडी वेगाने चालते आणि थर पिवळसर असेल तर ‘वारा-उष्णता’. मग पुदिना, शेवंतीची फुले अशी थंड औषधे. दोघांना एकच औषध देणारा वैद्य कच्चा समजला जातो.

बिंदू शोधताना माप रोग्याच्याच शरीराचे घेतात. त्याच्या अंगठ्याची रुंदी म्हणजे एक ‘त्सुन’, चार बोटांची रुंदी तीन. गुडघ्याच्या वाटीखालच्या बाहेरील खळग्यापासून चार बोटे खाली, नडगीच्या किंचित बाहेर ‘झूसानली’ हा पोटाच्या तक्रारींसाठीचा बिंदू. मनगटाच्या घडीपासून दोन त्सुन वर, दोन कंडरांच्या (स्नायूंच्या दोरांच्या) मधोमध ‘नेइग्वान’ हा मळमळीसाठी. सुई टोचल्यावर जडपणा किंवा मुंग्या जाणवल्या की ‘दे छी’, म्हणजे छी लाभली, असे म्हणतात. काही बिंदूंवर वाळलेल्या पाल्याची धग देतात. ही वनस्पती आपल्या दवण्याच्याच प्रजातीतली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाण यादीत ३६१ बिंदू आहेत. ते शिकवण्यासाठी १०२७ साली सोंग राजघराण्याच्या दरबारात वैद्य वांग वेइयी याने माणसाच्या आकाराचे काशाचे पुतळे ओतवून घेतले. परीक्षेच्या वेळी त्यांवर मेण लावून आत पाणी भरत. सुई नेमक्या जागी लागली तरच पाणी बाहेर येई.

ही परंपरा अखंड मानाने चालत आली असे मात्र नाही. १८२२ मध्ये छिंग राजघराण्याच्या सम्राटाने राजवैद्यकीय संस्थेतून ॲक्युपंक्चर काढून टाकले. १९३० च्या दशकात चेंग दानआन या वैद्याने बारीक सुयांचा आग्रह धरला आणि बिंदूंची जागा आधुनिक शरीररचनेनुसार ठरवली. १९५० च्या दशकात माओच्या सरकारने या वैद्यकाला महाविद्यालये आणि पाठ्यपुस्तके दिली. आज शिकवली जाते ती मांडणी मुख्यतः या काळातली आहे. तिला ‘हजारो वर्षे जशीच्या तशी’ म्हणणे इतिहासाला धरून नाही.

गुण येतो का, याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. जर्मनीत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कंबरदुखीच्या मोठ्या चाचणीत खऱ्या ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्के रुग्णांना आराम पडला, मुद्दाम चुकीच्या जागी वरवर टोचलेल्या सुयांनी ४४.२ टक्के, तर नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्के. म्हणजे सुईचा उपयोग झाला, पण बिंदूंच्या सिद्धांताला त्यातून आधार मिळाला नाही. जुनाट वेदना आणि शस्त्रक्रियेनंतरची मळमळ यांत पुरावा बरा आहे. छी किंवा वाहिन्या मात्र कोणत्याही उपकरणाने दिसलेल्या नाहीत. काढ्यांची गोष्ट निराळी. चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्याच्या नोंदीवरून चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना आर्टेमिसिनिन या हिवतापावरील औषधाचा धागा सापडला आणि २०१५ चे नोबेल मिळाले. दुसरीकडे ॲरिस्टोलोकिया गटातील वनस्पतींनी बेल्जियममध्ये अनेकांची मूत्रपिंडे निकामी केली. छातीवर सुई खोल गेली तर फुप्फुसाला इजा होते, म्हणून प्रशिक्षित हात आणि एकदाच वापरायची निर्जंतुक सुई यांत तडजोड नको.

भारतात हे तंत्र आणले डॉ. विजयकुमार बसू यांनी. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे ते सहकारी. पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून त्यांनी १९५९ मध्ये कोलकात्यात उपचार सुरू केले. महाराष्ट्राने या पद्धतीसाठी स्वतंत्र कायदा केला असून, तिच्या शिक्षणावर आणि चिकित्सकांच्या नोंदणीवर देखरेख ठेवण्यासाठी राज्यात परिषद आहे.