एक पाटी, दोन वेली : क्लेमॅटिस सिरोसा आणि क्लेमॅटिस आर्मांडी

रोपवाटिकेत ‘सदाहरित क्लेमॅटिस’ एवढीच पाटी लावलेले रोप दिसले, तर ते नेमके कोणते हे विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण या एका नावाखाली प्रामुख्याने दोन वेली विकल्या जातात. पहिली क्लेमॅटिस सिरोसा, भूमध्य समुद्राभोवतालच्या प्रदेशातली, आणि दुसरी क्लेमॅटिस आर्मांडी, मूळची चीनची. मराठीत ज्यांना मोरवेल म्हणतात त्याच प्रजातीतल्या (जीनसमधल्या) या दोघी असल्यामुळे त्यांच्यात घराण्याचे साम्य पुष्कळ आहे. दोघीही हिवाळ्यात पाने टिकवतात, बाकीच्या क्लेमॅटिसना कळ्या धरण्याआधीच फुलतात आणि पानांच्या देठाचे वेढे आधाराला घालत वर चढतात. त्यांचे बिनसते ते उन्हाळ्यात, आणि मशागतीतल्या बहुतेक चुका हा फरक माहीत नसल्यामुळेच होतात.

ओळखण्यासाठी फुलांची वाट पाहण्याचे कारण नाही, पाने पुरेशी आहेत. आर्मांडीचे पान तीन पर्णिकांचे असते. प्रत्येक पर्णिका लांबट, भाल्याच्या पात्यासारखी, हाताला चामड्यासारखी जाड लागणारी आणि चांगली १० ते १५ सेंटिमीटर लांब असून तिच्यावर देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा दिसतात. सिरोसाचे पान याच्या मानाने फारच लहान, तुकतुकीत आणि कातरलेल्या कडांचे असते. एकाच वेलीवर काही पाने अखंड, काही तीन खंडांची तर काही तीन पर्णिकांत विभागलेली असा प्रकार तिच्यात सर्रास आढळतो. तिचा बॅलिॲरिका हा प्रकार तर नेच्यासारखी बारीक चिरलेली पाने धरतो, आणि थंडी वाढली की त्या पानांवर तांबूस झाक चढते.

फुले आल्यावर मात्र शंकेला जागा उरत नाही. आर्मांडीची पांढरी फुले चांदणीसारखी उघडतात, पानांच्या बगलेत झुबक्यांनी येतात आणि त्यांना बदामासारखा गोड वास असतो. सिरोसाचे फूल खाली मान घालून लोंबते. ते हलकेच बोटावर उचलून आत पाहिले, तर चार मलईरंगी दलांच्या घंटेत आतल्या बाजूने तपकिरी-जांभळे ठिपके शिंपडलेले दिसतात. काही वेलींत ते अगदी विरळ असतात, काहींत मुळीच नसतात, तर ‘फ्रेकल्स’ या जातीत इतके दाट असतात की मूळ रंग शोधावा लागतो. (ही दले म्हणजे खऱ्या पाकळ्या नव्हेत. क्लेमॅटिसला पाकळ्या नसतात. जे रंगीत दिसते ती संदले, म्हणजे एरवी पाकळ्यांच्या बाहेर असणारी बहुधा हिरवी दले, असतात.) फुलाच्या किंचित वर, देठावर, दोन छदे (फुलाजवळची पानासारखी दले) एकमेकांना चिकटून झालेली छोटी हिरवी वाटी असते. आर्मांडीत ती नसते, म्हणून माझ्या मते ओळखीची सर्वांत भरवशाची खूण तीच.

नावांनीही थोडी दिशाभूल केली आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली दिलेल्या ‘सिरोसा’ या नावाचा अर्थ ‘तणावे असलेली’ असा होतो. प्रत्यक्षात या वेलीला द्राक्षवेलीसारखे खरे तणावे नसून पानाचा देठच ते काम करतो. आर्मांडीचे नाव फ्रेंच मिशनरी आर्मां डेव्हिड यांच्यावरून १८८५ साली पडले. हे तेच धर्मगुरू, ज्यांच्यामुळे १८६९ साली जायंट पांडा पाश्चात्त्य शास्त्रज्ञांना माहीत झाला. ही वेल १९०० साली इंग्रज वनस्पतिसंग्राहक अर्नेस्ट विल्सन यांनी चीनहून इंग्लंडला पोहोचवली.

आता उन्हाळ्याकडे वळू. भूमध्य सागरी हवामानात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. पोर्तुगाल-स्पेनपासून सिसिली, ग्रीस, सायप्रस, लेबनॉनपर्यंत आणि पलीकडे मोरोक्को-अल्जीरियात झुडपांवर व दगडी बांधांवर पसरणाऱ्या सिरोसाने आपले वर्ष याच चक्राला बांधून घेतले आहे. शरदातल्या पहिल्या पावसाबरोबर ती फुटते, साधारण नोव्हेंबर ते मार्च फुलते, त्यानंतर बियांना रेशमी, केसाळ शेपट्या येऊन वेलीवर चंदेरी गोंडे दिसू लागतात, आणि कडक ऊन सुरू झाले की पाने पिवळी पडून गळतात. नुसत्या वाळक्या काड्या उरतात. ज्या वेलीला सदाहरित म्हणून घरी आणले, ती ऐन उन्हाळ्यात अशी उघडीबोडकी झालेली पाहून माणूस घाबरतो, पाण्यावर पाणी घालतो, वर खतही देतो, आणि निद्रिस्त मुळे ओल्या मातीत कुजून वेल खरोखरच मरते. तिला ‘हिवाळ्यात हिरवी’ म्हटले असते, तर असे कितीतरी बळी वाचले असते.

वेल झोपली आहे की मेली आहे, हे ठरवायला नखाएवढेही हत्यार पुरते. बुंध्याजवळच्या जाडसर फांदीची साल हलकेच खरवडावी. आत हिरवट ओलसर थर दिसला तर वेल जिवंत आहे. वरची बारीक टोके वाळली असली तरी तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. या काळात जमिनीतल्या वेलीला पाणी जवळजवळ बंद ठेवावे, कुंडीतल्या वेलीला माती अगदी धूळ होऊ नये इतपतच द्यावे, आणि नवे फुटवे दिसू लागल्यावर नेहमीचे पाणी सुरू करावे. जिथे उन्हाळा सौम्य व दमट असतो तिथे ती पूर्ण पानगळ करीलच असे नाही, अर्धीमुर्धी पाने ठेवून ती स्वस्थ बसते, तेही चालते.

आर्मांडीला ही विश्रांती ठाऊक नाही. फुले ओसरली की तांबूस रंगाचे कोवळे फुटवे झपाट्याने वाढतात, आणि पुढच्या वर्षीची फुले याच फांद्यांवर यायची असल्यामुळे नेमक्या त्या दिवसांत पाण्याचा ताण पडला तर नुकसान दुहेरी होते. त्याच सुमाराला आतली जुनी पाने पिवळी होऊन गळतात, त्याची चिंता नको. पण पानांची टोके तपकिरी होऊन वाळत चालली असतील, तर कारण बहुधा पाण्याचा तुटवडा, कुंडीत कोंडलेली मुळे किंवा सुकवणारा वारा हे असते. एकदा वाळलेले टोक पुन्हा हिरवे होत नाही.

लावताना दोघींनाही वाऱ्याचा आडोसा आणि पाण्याचा निचरा लागतो. कडाक्याचे हिमतुषार दोघींनाही सोसत नाहीत. ‘क्लेमॅटिसचे डोके उन्हात, पाय सावलीत’ हा सल्ला आर्मांडीला लागू पडतो, म्हणून तिच्या मुळांवर पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घालावे. सिरोसाला बुंध्याशी तापलेली, खडेमिश्रित जमीनही मानवते. मोठ्या फुलांच्या संकरित जाती मर रोगातून पुन्हा फुटाव्यात म्हणून खोल लावतात. या दोघींना तो रोग क्वचितच होतो, त्यामुळे त्या कुंडीत होत्या त्याच पातळीवर लावाव्यात. जागेचा अंदाज आधी घ्यावा, कारण सिरोसा सहसा ३-४ मीटरवर थांबते, तर आर्मांडी ६ मीटर सहज ओलांडून मांडव गच्च झाकते आणि खालून बोडकी होते.

छाटणी दोघींची फुले संपल्यावर लगेच, हलक्या हाताने करावी; उशिरा छाटल्यास पुढची फुलेच कापली जातात. हातमोजे घालावेत, कारण क्लेमॅटिसच्या चिकाने कातडीची आग होते. जुन्या, जाड झालेल्या खोडापासून आर्मांडी नीट फुटेलच असा भरवसा नसल्यामुळे तिला वाढू देऊन एकदम तळाशी कापण्यापेक्षा दरवर्षी थोडी छाटणे शहाणपणाचे.

नवी रोपे करायची असल्यास साधी सिरोसा बियांपासून येते, पण ‘फ्रेकल्स’सारखी नाव असलेली जात बियांतून जशीच्या तशी उतरत नाही. तिच्यासाठी अर्धवट पिकलेल्या काडीचे छाट कलम करावे. आर्मांडीच्या काड्या मुळे धरताना कुरकुर करतात, तेव्हा तिची एक लवचीक फांदी वाकवून दोन पानांमधला पेरा मातीत दाबावा, वर दगड ठेवावा, आणि साधारण वर्षभराने ती हलकेच ओढून पाहावी. हाताला अडकल्यासारखी लागली, तरच मूळ वेलीपासून तोडावी.