अधिक-उणे लिहिल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही

लंबकाच्या प्रयोगावरून गुरुत्व त्वरण काढायला सांगितलं, की बरीच मुलं कॅल्क्युलेटर दाखवेल तेवढं सगळं उतरवतात: ९.८४४९९ मीटर प्रति सेकंद वर्ग. पण स्टॉपवॉच दाबणारं बोटच दोन दशांश सेकंद मागेपुढे होतं. मग दशांश चिन्हापुढचा पाचवा अंक कुणी मोजला? ज्या अंकामागे मोजमाप नाही, तो उत्तरात ठेवणं ही माझ्या मते चूकच आहे, मग आकडेमोड कितीही अचूक असो.

केंब्रिजच्या ए लेव्हल (बारावीच्या पातळीची आंतरराष्ट्रीय परीक्षा) फिजिक्सचा पाचवा पेपर ३० गुणांचा असतो आणि त्यातले अर्धे गुण जवळजवळ याच कामाला असतात: तक्त्यात अनिश्चितता (मोजमाप किती अधिक-उणे असू शकतं तो आकडा) भरा, आलेखावर एरर बार (तेवढं अधिक-उणे दाखवणारी बिंदूवरची उभी रेघ) काढा, दोन रेषा ओढा. मुंबई-पुण्यातही अनेक मुलं हा पेपर देतात. जेईईची तयारी करणाऱ्यांना शेकडा त्रुटीची सूत्रं तोंडपाठ असतात, पण तिथे आलेख काढायचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे एरर बार म्हणजे नेमकं काय, हे अनेकांच्या हाताखालून जातच नाही.

लंबकच घेऊ. दोरी ०.३० मीटर, २० दोलनांना २२.० सेकंद, अधिक-उणे ०.२. एका दोलनाला १.१० सेकंद, अनिश्चिततेलाही २०ने भागायचं, म्हणजे अधिक-उणे ०.०१. एकच दोलन मोजलं असतं तर पूर्ण ०.२ त्या १.१० सेकंदांवर बसले असते. वीस दोलनं मोजायला लावतात ती यासाठी. आता आलेख दोरीच्या लांबीसमोर दोलनकालाच्या (एका दोलनाच्या वेळेच्या) वर्गाचा काढायचा आहे. वर्ग केला की शेकडा अनिश्चितता दुप्पट होते: ०.९ टक्क्याची १.८ टक्के. वर्ग १.२१, तर एरर बार वर ०.०२ आणि खाली ०.०२.

दोरी १.०० मीटर केली, तर २० दोलनांना ४०.१ सेकंद लागतात. वर्ग ४.०२ आणि बार अधिक-उणे ०.०४. घड्याळ तेच, बोट तेच, तरी बार दुप्पट लांब झाला. सगळ्या बिंदूंना डोळे मिटून सारख्याच लांबीचे बार काढणाऱ्यांचे गुण इथेच जातात.

मग पट्टी ठेवून सर्वांत जुळणारी रेषा ओढायची. आपल्या आकड्यांत तिचा चढ (वर्गातली वाढ भागिले लांबीतली वाढ) ४.०१ येतो. दुसरी रेषा तुटक: सगळ्या बारांमधून जाणारी, पण जितकी तिरपी होऊ शकेल तितकी. सर्वांत खालच्या बाराच्या तळापासून सर्वांत वरच्या बाराच्या माथ्यापर्यंत, म्हणजे १.१९ पासून ४.०६ पर्यंत. अंतर ०.७० मीटर, म्हणून चढ ४.१०. गुरुत्व त्वरण म्हणजे ४ गुणिले पायचा वर्ग, भागिले चढ. पहिल्या रेषेवरून ९.८४ मिळतं, दुसरीवरून ९.६३. फरक ०.२. उत्तर: ९.८ अधिक-उणे ०.२. कॅल्क्युलेटरवरचे बाकीचे अंक गळून पडले आणि उत्तर पहिल्यांदाच खरं झालं.

आता एरर बार काय सांगत नाही, तेही पाहू. समजा, लांबी गोळीच्या मध्यापर्यंत मोजायची ती गोळीच्या हुकापर्यंतच मोजली आणि १ सेंटिमीटर कमी धरली. प्रत्येक रीडिंगमध्ये तीच चूक तितकीच, त्यामुळे कितीही वेळा मोजलं तरी बारांमध्ये तिचा मागमूस दिसत नाही. ०.३० मीटरच्या एकाच रीडिंगवरून सूत्रानं उत्तर काढलं, तर ते ३ टक्क्यांहून जास्त घसरतं. आलेख मात्र वाचवतो. सगळे बिंदू सारखेच सरकलेले असतात, चढ तोच राहतो आणि रेषा उभ्या अक्षाला शून्याऐवजी ०.०४ ला छेदते. म्हणून ‘सूत्रानुसार शून्यातून जायलाच हवी’ म्हणत रेषा ओढून-ताणून आरंभबिंदूला नेऊ नये. झालेल्या चुकीचा पुरावाच त्यात पुसला जातो.

वजाबाकीत आणखी सांभाळावं लागतं. पाण्याचं तापमान २८.० वरून ३०.५ अंश झालं आणि प्रत्येक वाचनात अर्धा अंश इकडेतिकडे धरला, तर वाढ २.५ अंश, पण दोन्ही वाचनांची मिळून अनिश्चितता १.० अंश. चाळीस टक्के! थर्मामीटर वाईट नाही. फरकच इतका लहान घेतला, की तो अनिश्चिततेखाली दबला. पाणी जास्त तापवणं हाच त्यावरचा उपाय.

विज्ञानाच्या इतिहासात या अधिक-उण्यावर फार मोठे निर्णय झाले आहेत. २९ मे १९१९च्या खग्रास ग्रहणात सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश किती वळतो, हे मोजलं गेलं. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार १.७५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), न्यूटनच्या हिशेबानं त्याच्या निम्मं, ०.८७. ब्राझीलमधल्या सोब्रालहून १.९८ अधिक-उणे ०.१२ आलं, आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावरून १.६१ अधिक-उणे ०.३०. नुसते १.९८ आणि १.६१ पाहिले असते तर दोन पथकांचं एकमेकांशीच पटत नाही असं वाटलं असतं. बारांसकट पाहिलं की ०.८७ दोन्हींपासून लांब राहतं.

पण सोब्रालचा बार १.८६ला संपतो; १.७५ही त्याच्या बाहेरच! ए लेव्हलच्या पेपरात अशी रेषा बाद ठरली असती, कारण तिथे बार म्हणजे शेवटची हद्द आणि रेषा प्रत्येक बारातून गेलीच पाहिजे. १९१९च्या शास्त्रज्ञांनी मात्र ‘संभाव्य त्रुटी’ दिली होती. या पद्धतीत निव्वळ योगायोगानंसुद्धा निम्म्या वेळा खरं मूल्य बाराबाहेर असणार, हे गृहीतच धरलेलं असतं. त्या मापानं १.७५ आणि १.९८ यांच्यातलं अंतर दोन बारांपेक्षाही कमी भरतं, तर ०.८७ नऊ बारांहून दूर. म्हणून कुठल्याही आलेखावर बार दिसला, की तो कुठल्या पद्धतीनं काढलाय ते आधी वाचावं आणि मगच रेषेकडे बघावं.